जवळचा नंबर

कॉलेजात तिला सगळे ‘समजा’ म्हणत. फळ्यापाशी गेली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, “समजा, क्ष ही एक संख्या आहे.” पुढे कॅन्टीनमध्येही ती “समजा, मी चहा घेतला तर” म्हणू लागली, तेव्हा नाव कायमचं चिकटलं.

तिची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. दोन खाटा, एक खिडकी आणि भिंतभर फळा. बंद पडलेल्या शिकवणीतला तो फळा तिनं खोलीतल्या मैत्रिणीला कामाला जुंपून जिन्यावरून वर आणला होता. मैत्रीण साहित्याची. ती कविता वाचत लोळायची, ही खडूनं प्रमेयं सोडवायची. दोघींच्या उशांवर धूळ मात्र सारखीच बसायची. खालून दिवसभर शिलाई मशीनचा आवाज. आजही कुठे तो आवाज आला की समजाचे हात खडू शोधतात.

गणिताची पदवी हातात आली. बाबांनी गावाकडच्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. तिला शिकवायचं नव्हतं. चष्म्यांची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीत ती डेटा ॲनालिस्ट म्हणून लागली, तीन महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर नोकरी कायम. नाही तर खोली सोडायची, घरी परतायचं आणि मुकाट शाळेत जायचं.

विभागाच्या मॅडमनी तिला एकच प्रश्न दिला. लोक चष्मा बनवायला टाकतात आणि न्यायलाच येत नाहीत. तयार चष्मे खणात पडून राहतात. का?

मॅडमचं उत्तर तयार होतं: म्हातारी माणसं विसरतात. आकडेही तसंच बोलत होते. जवळच्या नंबरचे, म्हणजे वाचायचे, चष्मे सगळ्यांत जास्त पडून होते. फक्त एका दुकानात तसं नव्हतं. तिथली म्हातारी माणसं वेळेवर येऊन चष्मे घेऊन जात. समजानं बैठकीत उभं राहून सांगितलं, की विधान असत्य आहे.

“एका दुकानामुळे?” मॅडमनी विचारलं.

“असत्य ठरायला एक पुरतं.”

सगळे हसले. मग ते दुकानच यादीतून काढू या, असं कुणीतरी सुचवलं. मॅडम हसल्या नाहीत. परीक्षेचा पेपर नको, दुकानांना काय सांगायचं ते हवंय, असं त्या म्हणाल्या. तेही नीट, शांतपणे म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

खोलीवर येऊन तिनं फळ्यावर प्रत्येक दुकानाचा एकेक ठिपका काढला. सगळे एका बाजूला गोळा झाले. एक दूर. मैत्रिणीनं पुस्तकातून मान वर केली. हा का रुसलाय, म्हणाली. मग म्हणाली, त्यालाच विचार की.

रविवारी बाबांचा फोन आला. माझ्या मेसेजला उत्तर का नाही, म्हणून ती त्यांच्यावरच घसरली.

“चष्मा दुरुस्तीला टाकलाय गं बये,” बाबा म्हणाले. “मेसेज वाचू कशानं, मिशांनी?”

ती हसली. मग हसता हसता खाटेवर बसली. चष्मा तयार आहे हे कंपनी गिऱ्हाइकांना मेसेजनं कळवत होती. फोनच्या बारीक अक्षरांत. ज्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, त्यांना.

दुसऱ्या दिवशी तिनं रुसलेल्या दुकानाला फोन लावला. तिथे मेसेजची सोय अजून झालीच नव्हती. ते लोक आपले फोन करून बोलावत.

दुसरं कुणी असतं तर नाचलं असतं. हिला नाचता येईना. एका दुकानानं मॅडमचं म्हणणं खोडलं खरं, पण त्याच एका दुकानानं हिचं कुठे सिद्ध होत होतं? कारण भलतंच असू शकत होतं. तिनं ठिपके सोडून उरलेला फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. सिद्धता काही येईना.

पुढच्या बैठकीत ‘समजा’ ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. मेसेजचं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “बहुधा हेच कारण असावं.”

हा शब्द तिनं फळ्यावर कधी लिहिला नव्हता. चोरी केल्यासारखं वाटलं.

“बहुधा म्हणजे किती?” मॅडमनी विचारलं.

“थोड्या दुकानांतून गिऱ्हाइकांना फोन करून बघावेत, इतकं.”

“बघा करून,” मॅडम म्हणाल्या.

खण रिकामे होत गेले. सगळे नाहीत, काही माणसं खरोखरच विसराळू निघाली, आणि ती मॅडमनी तिला आवर्जून मोजून दाखवली. नोकरी कायम झाली. बाबांनी शाळेतला शब्द परत घेतला आणि गल्लीभर सांगितलं, की मुलगी चष्म्याच्या कंपनीत लागली ती माझ्या मिशांमुळे.

पुढे बदली झाली, खोली सुटली. फळा जिन्याच्या वळणावर अडला, उतरेचना. मग तो चढवला कसा, हे दोघींना आजतागायत सिद्ध करता आलेलं नाही. तो त्याच खोलीत मैत्रिणीकडेच राहिला, ठिपक्यांसकट.

ऑफिसात हाताखालची पोरं आता तिला ‘बहुधा मॅडम’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे. जुन्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलंय. अधूनमधून त्या खोलीतून फोन येतो. मागे शिलाई मशीन चालू असतं.

“समजा, मी फळा पुसला तर?”

“बहुधा रडेन,” ती म्हणते.