नऊ जणांची तक्रार

खुशनुमा शेख एका श्रवणयंत्राच्या ॲपवर आलेल्या तक्रारी वाचते. नव्या अपडेटचा रंग आवडला नाही, असं चारशे जणांनी लिहिलं होतं. आवाज आपोआप वाढतो, असं फक्त नऊ जणांनी. त्यांतल्या हेमा गोगटे शनिवार पेठेत राहतात, म्हणून ती त्यांना भेटायला गेली.

"यंत्र काढून ठेवलंय," हेमाताई म्हणाल्या. "काय विचारायचं ते लिहून विचारा."

दुसऱ्या दिवशी टीमप्रमुख आमोद म्हणाला, "आधी रंग बदलू. चारशे लोक चिडलेत."

"ते चिडून का होईना, ॲप वापरतायत. हेमाताईंनी यंत्रच काढून ठेवलंय."

आमोदने कामांचा क्रम बदलला. गुरुवारी आवाजाची दुरुस्ती सगळ्यांच्या ॲपमध्ये पोहोचली. शनिवारी हेमाताईंनी कळवलं, "आज भाचीशी तासभर गप्पा मारल्या."

खुशनुमाने ते आमोदला दाखवलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी भेटायला मीही येतो."