रडं थांबवणारं औषध

क्रांती कबनूरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मागांच्या खडखडाटात तिथल्या बाया एकमेकींच्या ओठांकडं बघून बोलतात, आणि घरी आल्या तरी त्यांचा आवाज काही खाली येत नाही. क्रांतीच्या घरात मीठ मागायचं तरी नवराबायको भांडल्यागत ओरडायची. असल्या घरात धाकट्या स्वप्नालीला कमी ऐकू येतंय, हे कुणाच्या ध्यानात यावं?

पोरगी दीड वर्षाची असताना पहिल्यांदा कान वाहिला. गावातल्या डॉक्टरांनी गुलाबी पातळ औषध दिलं. "साधंच हाय, पण दहा दिवस चुकवू नका. दुखणं एकदोन दिवस राहील, त्याचं वेगळं देतोय."

दुसऱ्या दिवशीही पोर किंचाळतच होती. रडतं पोर सासू सांभाळेना, आणि खाडा पडला की मालक त्या जागी दुसरी बाई बसवायचा.

शेजारच्या पद्मावतीअक्का दारात आल्या. त्यांच्या नातवाचा, श्रेयसचा कान नुकताच असाच वाहून बरा झालेला.

"कसलं पाणी पाजतीयास गं पोरीला?"

"डॉक्टरनं दिलंय अक्का."

"आमच्या श्रेयसला इचलकरंजीत तीन दिवसाचंच दिलं. दुसऱ्या दिवशी बेणं अंगणात पळत हुतं की! दहा दिवस लागत्यात म्हंजे औषधातच दम न्हाय."

क्रांतीला पटलं. तिनं गुलाबी बाटली मागं सारली आणि मेडिकलातनं अक्कांनी सांगितलेली आणली. दुसऱ्या सकाळी पोरगी गप झाली. क्रांती कामावर गेली. तोवर दुखणं आपसूकही उतरायचंच होतं, हे तिला कोण सांगणार?

मग रीतच पडली. सर्दी झाली की कान वाहायचा, पोरगी रडायची, क्रांती तीच बाटली आणायची. रडं थांबलं की औषध बंद. उरलेलं कपाटात, पुढच्या खेपेला. कांड्यांवरच्या बायांत तिचा शब्द चालायला लागला. कुणाच्या पोराचा कान ठणकला की, "क्रांतीला इचारा, तिला ठावं हाय." तिलाही बरं वाटायचं. शाळा अर्ध्यात सुटलेल्या बाईला कोण काय विचारतंय एरवी!

स्वप्नाली शाळेत जायला लागली, तशी पहिलीच्या बाईंनी क्रांतीला बोलावून घेतलं. "पाठमोरी असली की हाक मारून बघा तुम्हीच."

क्रांतीनं बघितलं. तिच्या हाकेनं व्हरांड्यातली पोरं वळली, स्वप्नाली वळली नाही.

कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही पडद्यांना भोकं, एका कानातलं हाड झिजलेलं. ऑपरेशननं थोडं परत येईल, सगळं नाही.

"मॅडम, त्या दोन औषधांतलं चांगलं कुठलं हुतं?"

"पहिलं. साधं असलं तरी या दुखण्याला आम्ही आधी तेच देतो. ते तुम्ही सोडलंत, आणि दुसरंही कधी पुरं दिलं नाहीत."

"पर रडायची थांबायची की ओ!"

"रडणं थांबलं म्हणजे कान बरा झाला, असं नसतं."

एस्टीत नवरा तिची समजूत काढत होता. "कशाला जिवाला लावून घेतीस? मोठी हून मागावरच जाणार न्हवं? तितं आपून तरी काय ऐकतोय?" तो मायेनं बोलला होता. त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं क्रांतीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कांड्यांवरचीच तानाबाई शेजारी येऊन बसली. "नातीचा कान फुटलाय गं. त्या तुझ्या औषधाचं नाव सांग."

"डॉक्टरकडं ने. देतील ते पुरं पाज."

"आगं बया! आता श्यानी झालीस व्हय? तुझ्या पोरीचा त्यानंच बरा केलास की."

"न्हाय केला," क्रांती म्हणाली. "भैरी झाली ती. माझ्यामुळं."

तानाबाई तिच्या ओठांकडं बघत राहिली. मग पलीकडच्या बाईकडं वळून तोंड वाकडं केलं. "सांगायचं न्हाय तर न्हाय म्हणावं. पोरीच्या नावानं असलं अभद्र कशाला बोलावं?"

संध्याकाळी क्रांती घरी पोचली, तेव्हा तानाबाई नातीला काखेत घेऊन पद्मावतीअक्कांच्या दारात उभी होती. नात रडत होती, आणि अक्का आतनं ओरडून औषधाचं नाव सांगत होत्या.