पंपाची पुस्तिका कोणी लिहावी?

पंपाची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याकडे सर्टिफिकेट हवं की नको, हा वाद आमच्या कारखान्यात जेवणाचे डबे उघडले की निघतो. निकाल लागत नाही, किस्से मात्र वाढत जातात. त्यातले काही सांगतो. त्यातून काही सिद्ध होईल याची मला खात्री नाही. मला तशी कशाचीच नसते.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा फवारणी पंपांचा लहानसा कारखाना. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, इथे पुस्तिका लिहितो. पीएच.डी. आहे; पण आपलं लिहिलेलं कोणाला समजतं का, ही धाकधूक जाईना. म्हणून तांत्रिक लेखनाची परीक्षा द्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, "एवढं शिकलात. आता तुम्हाला नापास करायचं कोण राहिलंय?"

पास झालो!

*

सर्टिफिकेट आल्यावर पहिल्याच पुस्तिकेत मी लिहिलं, 'संयंत्र कार्यान्वित करण्यापूर्वी सर्व जोडण्या तपासाव्यात.' लगेच बोरी अरबहून एका शेतकऱ्याचा फोन.

"साहेब, पंप भेटला, पाइप भेटला. संयंत्र कधी पाठवता?"

"अहो, पंप म्हणजेच संयंत्र."

"मंग पंपच म्हणा ना जी! त्याचं दुसऱ्यांदा बारसं काहून केलं?"

*

मग वैशाली राठोड आली. मराठीची एम.ए., सर्टिफिकेट नाही. लिहिलेलं वाक्य आधी तांड्यावरच्या आईला फोनवर वाचून दाखवायची. आईनं "हं" म्हटलं की वाक्य पक्कं.

मी विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?"

"नाही म्हणतच नाही, सर. फोनच ठेवून देते!"

*

आईसुद्धा चुकते. वैशालीनं लिहिलं, 'झाकण उघडण्याआधी हवा सोडा.' आईनं "हं" म्हटलं, मी तपासून सही केली. बाभुळगावच्या एका गृहस्थांनी पंपात साधं पाणी भरून पाहिलं, आणखी हवा मारली, झाकण उघडलं आणि नखशिखांत भिजले. तसेच गाडीवर बसून कारखान्यात आले.

मी म्हटलं, "हवा सोडा म्हणजे बाहेर काढा."

"वावरात पाणी सोडतो आमी, तवा बाहेर काढतो का?"

माझं सर्टिफिकेट आणि तिची आई, दोघंही नापास.

*

पुढे एका मोठ्या डीलरनं अट घातली. पुस्तिका लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे सर्टिफिकेटचा नंबर छापा, नाहीतर माल घेणार नाही. आमचे मालक सुधाकरभाऊ वैशालीला म्हणाले, "मॅडम, परीक्षा पास व्हा. नाहीतर मले तुमाले पॅकिंगमंधी पाठवा लागते."

"तिथं मी काय लिहू, भाऊ? 'ही बाजू वर'?"

ती हसली खरी, पण त्या दिवशी डबा भरलेलाच परत नेला.

*

परीक्षा ऑनलाइन होती. निकाल आला: शून्य गुण! एवढी सगळी उत्तरं चुकवायची म्हटली तरी अवघडच.

वैशालीनं पडद्यावरची सूचना मला दाखवली: 'जतन केल्याविना पुढे न गेल्यास उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही.'

"सर, मी जतन केल्याविनाच पुढे गेली. लिहिलंच तसं आहे!"

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. लिहिलं तसंच होतं. ही परीक्षा मी कसा पास झालो, याची मला आता काळजी लागली.

तिनं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला ईमेल केला. तक्रार नाही, फक्त दोन वाक्यं: 'आधी "जतन" दाबा. मग "पुढे" दाबा.'

उत्तर आलं. सुधाकरभाऊंनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. 'आपली वाक्यं आम्ही जशीच्या तशी घेतली आहेत. परीक्षेच्या बाकीच्या सूचनाही आपणच लिहून द्याव्यात, ही विनंती. त्यासाठी आपला सर्टिफिकेट क्रमांक कळवावा.'

भाऊंनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, तुमी कुठंच जाऊ नका. मी डीलरशी बोलतो. आन् या परीक्षावाल्यायले लिहा, का बाबू, नंबर तं आमीच तुमाले मांगून राह्यलो!"