कंसाच्या तुरुंगाची किल्ली चाकणला

आमच्या थेरगावच्या सोसायटीत कंसाच्या भूमिकेसाठी माझी निवड एकमताने झाली.

एकमताने! पाच वर्षं मी चेअरमन, पण पाण्याच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा या लोकांचं कधी एकमत झालं नव्हतं. नाव सुचवलं कोणी? दाजींनी. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या नवऱ्याने. (हेच गृहस्थ पुढच्या रविवारी चेअरमनपदासाठी माझ्याविरुद्ध उभे राहणार होते!) वर म्हणतात, "भाऊंना तालमीची गरज नाही."

मी राग गिळला. म्हटलं, गोकुळाष्टमीच्या नाटकात जरा हसतखेळत दिसलो, तर खुर्ची वाचेल. दाजी वसुदेव, सुनंदा देवकी आणि आकाशवाणी माझी बायको. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून, हातात माइक घेऊन.

तालमीला तुरुंग आला तो थर्माकोलचा! माझं डोकंच फिरलं. बार्शीहून एक पिशवी घेऊन आलेल्या माणसाने चाकणला स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप उभं केलं, आणि त्याच्या तुरुंगाला थर्माकोलचे गज? दोन दिवसांत अस्सल लोखंडाचा पिंजरा पार्किंगमध्ये उभा केला. दाराला वर्कशॉपचं कुलूप.

"अहो, कृष्ण जन्मला की दारं आपोआप उघडायची असतात," बायको म्हणाली.

"कुलूप नुसतं अडकवायचं, दाबायचं नाही. म्हणून तर किल्लीसुद्धा आणली नाही. वर्कशॉपात खिळ्याला आहे."

"हा हट्टच तुम्हाला खुर्चीवरून खाली आणणार, बघा."

नाटकाच्या संध्याकाळी आकाशवाणी कडाडली, "दुष्टा! देवकीचा आठवा पुत्र तुझा काळ ठरेल!" बायकोने 'दुष्टा' इतकं मनापासून म्हटलं की टाळ्या पडल्या. मी दोघांना पिंजऱ्यात ढकललं. आत पडद्यामागे टोपलीत कृष्ण आधीच झोपला होता. शिंदेवहिनींचं पाच महिन्यांचं बाळ.

वसुदेवाचं वाक्य होतं, "राजा, दया कर." दाजी म्हणाले, "राजा, पार्किंगचे दिवे कधी लावणार?"

शिट्ट्या! पहिल्या रांगेतले आजोबासुद्धा उठून नाचले! मी दार धाडकन आपटलं आणि कुलूप दाबलं.

खट्.

पुढे आकाशवाणी म्हणाली, "आणि कारागृहाची दारं आपोआप उघडली!" नाही उघडली. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा माइकवरूनच म्हणाली, "अहो, दाबलंत ना कुलूप?"

किल्ली चाकणला. त्या वेळची हायवेवरची गर्दी म्हणजे जाऊन येईपर्यंत कृष्ण रांगायला लागला असता. गजांमधून बाळ काढावं, तर दोन गजांत अंतर तीन इंच. (मी कामात चोरी करत नाही.) शेवटी वॉचमनने लोखंड कापायची करवत आणली आणि मुकुट सांभाळत कंस खाली बसला. पण कुलूप हलत होतं. आतून कोणीतरी घट्ट धरायला हवं होतं.

"धरतो," दाजी म्हणाले. "दिव्यांचं बोला."

"दाजी, ही वेळ आहे का?"

"दहा दिवे."

"दोन!"

"दहा."

"चार! लोखंडी खांबासकट!"

तेवढ्यात कृष्णाने भोकाड पसरलं. शिंदेवहिनी ओरडल्या, "चेअरमन, आधी माझं बाळ काढा!"

"सहा! शेवटचं!"

"दादा!" सुनंदा आतून कडाडली. "तुला कंस का केलाय, ते कळलं का आता?"

"दहा!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याच्या आकड्यावर सौदा ठरला. दाजींनी कुलूप धरलं, मी अर्धा तास करवत चालवली. देवकी-वसुदेवाची सुटका घामाघूम कंसाने स्वतःच्या हाताने केली, आणि बाळाला बाहेर घेताच त्याने माझी मिशी उपटली. सोसायटीने 'कृष्ण भगवान की जय' म्हणत त्यालाच कंसवध मानलं.

रविवारी दाजी चेअरमन झाले. एकमताने! (मीही हात वर केला. सुनंदा बघत होती.)

पिंजऱ्याचं दार आता सोसायटीच्या पंपाच्या खोलीला लावलंय. नवं कुलूप माझ्याच वर्कशॉपचं, किल्ली दाजींच्या कमरेला. मला अजून संताप येतो तो एकाच गोष्टीचा. कंसाला आकाशवाणी एकदाच झाली, तर तो बिचारा जन्मभर घाबरून राहिला. माझ्या घरी ती रोज सकाळी चहाबरोबर होते, आणि मी म्हणतो, "साखर कमी आहे!"