नबीलचा ऊद आणि माझी राहिलेली सही

नबील गेल्याचं मला गाडीत कळलं. शारजाहून दुबईकडे जाणारा सकाळचा जॅम होता. उज्ज्वलाचा फोन आला, "अहो, समोरचे नबीलभाई गेले... झोपेतच. रीम आपल्याकडे धावत आली होती." मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी थोडी पुढे घेतली. आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. 'चला, आता त्याला तोंड दाखवायला नको,' असा होता. सहा आठवडे झाले, त्या विचाराची लाज काही जात नाही.

अल नहदातल्या आमच्या इमारतीत आम्ही आणि नबील-रीम हे नवरा-बायको अकरा वर्षं एकाच मजल्यावर राहिलो. नबील गाझाचा. पेशाने ड्राफ्ट्समन, जीव मात्र ऊदमध्ये. अर्ध्या भोपळ्यासारखं फुगीर पोट, आखूड मान असलेलं ते वाद्य तो लहान मुलाला मांडीवर घ्यावं तसं घेऊन बसायचा. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मी तबल्यावर हात साफ करत होतो, तेव्हा हा दारात उभा. मला वाटलं, तक्रार घेऊन आला. म्हटलं, "आवाज़ कम करूँ?" तर म्हणाला, "नहीं हबीबी, मैं अंदर आऊँ?" तेव्हापासून शुक्रवारची नमाज आटोपली की आमची बैठक त्याच्या घरी ठरलेली. त्याची मोडकी हिंदी, माझं शून्य अरबी... पण समेवर आम्ही बरोबर भेटायचो.

गाझात युद्ध सुरू झाल्यावर बैठका कमी झाल्या, तरी थांबल्या नाहीत. अशाच एका शुक्रवारी आम्ही वाजवत असताना कितीतरी दिवसांनी त्याच्या बहिणीचा, हनानचा, व्हिडिओ कॉल लागला. तिच्या घरात आणखी तीन कुटुंबं आसऱ्याला आली होती. तिने फोन हातात धरून आम्हाला सगळ्या खोल्यांतून फिरवलं. दाढी करत बसलेले एक आजोबा, चादरीचा झोका बांधणारी बाई, पडलेला दात तळहातावर धरून दाखवणारी एक चिमुरडी. "तूही बघ," ती मला इंग्रजीत म्हणाली, "नीट बघ. आम्ही इथे आहोत." मी हसून हात हलवला. दुसऱ्या दिवशी ते घर राहिलं नाही. पाणी आणायला गेलेली हनानची मोठी मुलगी लियान तेवढी वाचली.

नबील माझ्यासमोर रडला नाही. त्याने दोन कामं हाती घेतली. युरोपातल्या एका देशातून, गाझावर बॉम्ब टाकणाऱ्या लढाऊ विमानांचे सुटे भाग जात होते. ते थांबवावेत म्हणून तिथल्या न्यायालयात खटला उभा राहत होता, त्यात तो अर्जदार झाला. आणि त्याने एक चाल बांधली. तिला शब्द नव्हते, फक्त त्या घरातल्या माणसांची नावं, एकेक नाव एकेका आवर्तनात. ती आम्ही त्याच्या खोलीत रेकॉर्ड केली. खटल्याच्या तारखेला तिथले वादक कोर्टासमोर उभे राहून नावं घेत ती वाजवू लागले, मग सभागृहांत, शाळांत. जाणारे-येणारे थांबून विचारायचे, ही कुणाची नावं? आणि मग खटल्याबद्दल ऐकून घ्यायचे. "कोर्टाला कागद पाहिजे," नबील म्हणायचा, "लोकांना गाणं. मैं दोनों देगा." त्या रेकॉर्डिंगवर माझं नाव घालू नको, असं मीच त्याला सांगितलं. त्याने लिहिलं : तबला, एक शेजारी.

मग त्याच्या वकीलबाईंनी माझ्याकडे साक्ष मागितली. त्या घरात कोण राहत होतं याचा पुरावा काय, असा समोरच्या पक्षाचा सवाल होता. नातेवाइकांचे जबाब होते, पण ज्याचं त्या घराशी काहीच नातं नाही, असा बघणारा मी एकटाच. दोन पानांचा मजकूर तयार होता. फक्त वाचून सही करायची. मी म्हटलं, "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." मग ऑफिसात ऑडिट निघालं, मग सईची परीक्षा. खरं कारण वेगळं होतं. व्हिसा, नोकरी, उद्या कुणी विचारलं तर... कुणी धमकावलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. भीती माझी मीच घरात आणून पोसली होती. सई एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, यू सॉ देम." मी तिला भाजी वाढली.

पाच महिने. नबील दर वेळी म्हणायचा, "माफी मुश्किल." इकडच्या अरबीत त्याचा अर्थ काही अडचण नाही. माझ्या मराठी कानांना मात्र ते वेगळंच ऐकू यायचं. हळूहळू मी शुक्रवारी जायचं बंद केलं. लिफ्टपाशी तो दिसला की फोन कानाला लावायचो. शेवटचा भेटला तेव्हा त्याने विचारलंही नाही. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला.

कबरस्तानात त्याच्या चुलतभावाने विचारलं, "आप कौन?" मी म्हणालो, "पड़ोसी."

तीन आठवड्यांनी मी स्वतःहून वकीलबाईंना फोन केला. त्यांनी ओरडावं, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, अर्जदार म्हणून आता लियान उभी राहील, साक्ष अजूनही देता येईल. पण उशीर का झाला, हे मजकुरात लिहावं लागेल, समोरचा पक्ष विचारणारच. मी कामाचं कारण लिहिलं, खोडलं. आजारपण लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एक ओळ लिहिली : 'मी घाबरलो होतो.' त्याखाली सही केली. खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे. माझ्या कागदाचं कोर्टात काय होईल, मला माहीत नाही.

सही केल्याचं सांगायला मी रीमकडे गेलो. तिने मला त्याच्या खोलीत बसवलं. ऊद भिंतीला टेकून होता, तारा सैल केलेल्या. मी विचारलं, "भाभी, उसको पता था, मैं क्यों टाल रहा था?"

"पता था," रीम म्हणाली. ती मला बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यांतली नाही. "बहुत गुस्सा था. दो महीना तुम्हारा नाम नहीं लिया." मग म्हणाली, "लेकिन हर शुक्रवार वो बाहर का दरवाज़ा खुला रखके बजाता था. मैं बोलती थी, एसी की हवा जाती है. वो बोलता था, जाने दो, मिलिंद को सुनाई देना चाहिए."

मला ऐकू येत होतं. प्रत्येक शुक्रवारी. नावं सुरू झाली की मी उठून टीव्हीचा आवाज वाढवत होतो... हे मी रीमला अजून सांगितलेलं नाही.