सालीसकट

घड्याळजींची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. घड्याळदुरुस्तीचं दुकान विकून ते त्यामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. दुपारी खानावळीचा डबा येई, त्यातलंच उरलेलं रात्री. डबा घेताना 'ठेव तिथे' एवढं म्हटलं की दिवसाचं बोलणं संपलं.

रक्तातली साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. रोज पेलाभर सफरचंदाचा रस पितो, असं घड्याळजींनी ऐटीत सांगितलं. बाई म्हणाल्या, रस काढला की चोथा जातो आणि उरतं गोड पाणी. त्या चोथ्यामुळेच साखर रक्तात सावकाश उतरते, पोटही साफ राहतं. शिवाय बराचसा गुण सालीत आणि सालीलगत असतो. तेव्हा अख्खं खा, सालीसकट.

घड्याळजींनी मुकाट्याने कवळी काढून टेबलावर ठेवली. बाईंना हसू आवरेना. आपणही हसलो, हे जिना उतरताना घड्याळजींच्या लक्षात आलं.

मग बाईंच्या सांगण्यावरून ते सफरचंद सालीसकट किसून चमच्याने खाऊ लागले. खाल्लेलं सगळं वहीत लिहीत. दर महिन्याला बाई ती वही ओळ न ओळ वाचत आणि मंगळवारी रात्री उपाशी का झोपलात, असं विचारत.

पाच महिन्यांनी साखर उतरली. "छान. आता वर्षभर यायला नको," बाई म्हणाल्या. दुसरा कोणी उड्या मारत गेला असता. घड्याळजींचं तोंड उतरलं.

त्याच आठवड्यात सफरचंद बंद झालं आणि गोड बिस्किटांचे पुडे सुरू झाले. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःहून रक्त तपासून घेतलं आणि तो कागद घेऊन ते बाईंपुढे हजर. वहीत मात्र रोजचं सफरचंद लिहिलेलं होतं.

"काका, वही एक सांगते आणि रक्त दुसरंच."

घड्याळजींनी वही ओढून मिटली. "बिस्किटं खाल्ली. मुद्दाम."

"अहो, पण का?"

"बरा झालो की तुम्ही येऊ नका म्हणता. घरी विचारणारं कोण आहे?"

बाई रागावल्या नाहीत, आणि त्यांनी कीवही केली नाही. म्हणाल्या, गुरुवारी नवे रुग्ण येतात, त्यांतल्या निम्म्यांना कवळी असते. त्यांना कसं खायचं ते तुम्ही दाखवाल का?

पहिल्या गुरुवारी घड्याळजींना कंठच फुटेना. आवाज वापरात नव्हता. शेवटी एका आजींच्या हातातली सुरी धरून ते म्हणाले, "साल काढू नका, आजी. किसणीवर घ्या." मग तासभर ते बोलतच राहिले.

साखर आता पुन्हा जागेवर आली आहे. गुरुवार बरा जातो. रविवारी खानावळ बंद असते; त्या दिवशी त्या दोन खोल्या त्यांना खायला उठतात.