वगळलेले तारे

त्या दुपारी सोलापूरच्या घरात मी नुसती येरझाऱ्या घालत होते, ओट्यापासून दारापर्यंत आणि परत. संध्याकाळी पीएचडीच्या मार्गदर्शक बाईंना निकाल पाठवायचा होता. अ‍ॅक्सिऑन नावाच्या, आजवर कुणालाच न दिसलेल्या कणाचा माग मला लागला होता. निदान तसं मला वाटत होतं.

"बस की एका जागी," अण्णा म्हणाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल तपासतात. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. बसवेना, म्हणून मी फिरत फिरतच त्यांना सांगितलं. म्हातारे तारे पोटात हेलियम जाळतात. अ‍ॅक्सिऑन असले तर ते आतली उष्णता गुपचूप बाहेर नेणार, मग हेलियम भराभर संपणार. म्हणजे तारकागुच्छात असे तारे कधीही मोजा, हिशेबापेक्षा कमीच भरणार. मी मोजले, कमीच भरले.

"कमी भरलं म्हंजे कुनी न्हेलं, असंच कशावरनं?" अण्णा म्हणाले. "आमी आदी सेकंडचा ढीग उपसतो. डागाचा, वीण चुकलेला माल तितं टाकत्यात, त्यात चांगलाबी जातो. तुजा ढीग कुटं हाय?"

मला चीड आली. ताऱ्यांचा कसला ढीग! पण ढीग होता. यादी साफ करताना, ज्यांचा उजेड कमीजास्त होत होता ते तारे खराब नोंदी समजून मीच काढून टाकले होते. ते खराब नव्हतेच. ठरावीक तासांनी फुगणारे, आकसणारे, हेलियम जाळणारेच तारे होते ते. पदवीला शिकलेली गोष्ट मी हावरटपणात विसरले होते. त्यांना धरून मोजलं, तर संख्या पुरी भरली आणि माग पुसला गेला. अ‍ॅक्सिऑन असलेच तर फार दुबळे असणार, एवढंच आता म्हणता येत होतं, आणि ते इतरांनी कधीच म्हटलं होतं.

तासभर मी लॅपटॉपसमोर बसून उठत राहिले. तो ढीग तसाच ठेवला तर कुणाला कळणार आहे, असंही मनात आलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं. शेवटी बाईंना लिहिलं, माग नाही, चूक माझी. पाठवलं.

"गावलं का गं?" अण्णांनी विचारलं.

"गावले. सगळे तारे जागेवर आहेत."

"मग लई झ्याक झालं की!" अण्णा खूश झाले. मी मान डोलावली, मोरीचं दार लावलं आणि नळ सोडून रडले.